वेबसाइटचा खर्च तीन हंगामांचा मांडा



मोहोर धरू लागला की रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या बागायतदाराकडे पुठ्ठ्याच्या पेट्यांचे दर घेऊन माणसे येतात, आणि अलीकडे वेबसाइटचे कोटेशन घेऊनही येतात. पेट्यांच्या दरावर तासभर घासाघीस होते, कारण पुठ्ठा किती जाड आहे ते बोटांना कळते. वेबसाइटच्या कागदावरचा मात्र फक्त शेवटचा आकडा पाहिला जातो. परवडला तर हो, नाही तर नाही.

मी बागायतदार, कोकम-मसालेवाले आणि होमस्टेवाले यांचे हिशेब लिहितो, कर्जासाठी त्यांचे प्रकल्प अहवालही करतो. ते आकडे पाहून माझे मत पक्के झाले आहे. नव्या धंद्याने ‘वेबसाइट बांधायला किती?’ हे विचारणे थांबवावे. तीन हंगाम ती चालवायला किती लागतील हे विचारावे, आणि पहिल्या हंगामाआधी हातातल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त बाहेर जाऊ देऊ नये. कलम लावताना पुढच्या खत-फवारणीचा खर्च न धरणारा बागायतदार मी पाहिलेला नाही. वेबसाइटला हा नियम का लागू नसावा?

कोटेशन ४०,००० रुपयांचे आहे असे धरू. बनवून देणारा जीएसटी नोंदणीकृत असेल तर १८ टक्क्यांनी ते ४७,२०० होते. ताजा आंबा करमुक्त आहे, त्यामुळे फक्त तोच विकणाऱ्याला हे ७,२०० रुपये वळते करून घेता येत नाहीत. पुढच्या वर्षी साइटच्या नावाचे आणि होस्टिंगचे नूतनीकरण येते. पहिल्या वर्षाचा दर बहुधा सवलतीचा असतो, दुसऱ्या वर्षी मूळ दर लागतो, आणि होस्टिंगच्या बाबतीत तो दुप्पट-तिप्पटही निघतो. हा आकडा कोटेशनमध्ये सहसा नसतो. विचारला तर मिळतो, म्हणून तो विचारून लिहून घ्यावा. उलट काही कोटेशनांत ‘एसएसएल प्रमाणपत्र’ म्हणून दरवर्षीची वेगळी रक्कम असते. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावरची सेवा असे प्रमाणपत्र फुकट देते आणि पुष्कळ होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवतात. आंबा विकणाऱ्या साइटला याहून महागडे प्रमाणपत्र लागत नाही. ती ओळ खोडायला सांगावी.

डोमेन, म्हणजे साइटचे नाव, वर्षाला हजार रुपयांच्या आसपास मिळते. सगळ्या खर्चात स्वस्त बाब हीच, आणि सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. जानेवारीत घेतलेल्या नावाची मुदत पुढच्या जानेवारीत संपते आणि सूचनेचा ईमेल जातो तो ज्याच्या खात्यातून नाव घेतले त्याला. माझ्या माहितीतल्या एका बागायतदाराचे नाव असेच गेले. साइट करून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या खात्यात घेतले होते. पुढे त्याला बाहेरगावी नोकरी लागली, फोन नंबर बदलला. पाडव्याच्या सुमारास मुंबईच्या गिऱ्हाइकांचे फोन येऊ लागले तेव्हा साइट बंद असल्याचे कळले. पेट्यांवर, पावत्यांवर छापलेला पत्ता निकामी झाला. त्या मुलाची दानत वाईट नव्हती. नावाचा मालक कोण, हे कुणी कागदावर घेतलेच नव्हते. डॉट कॉम नावाची मुदत संपली की साधारणतः काही दिवसांची सूट मिळते, मग ३० दिवसांच्या टप्प्यात ते सोडवायला जबर शुल्क पडते, आणि त्यानंतर ते दुसऱ्या कुणालाही घेता येते. म्हणून नाव स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेल आणि मोबाइलवर, एकदम तीन वर्षांसाठी घ्यावे. हे काम कोटेशन मागवण्याच्याही आधीचे.

फोटोंकडे तर कुणाचेच लक्ष नसते. साइट बनते जानेवारीत, तेव्हा झाडावर मोहोर किंवा कणी. फळ नाही म्हणून बनवणारा इंटरनेटवरून कुठलेही आंबे उचलतो. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळासाठी. परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातो, ही आपली जुनी आणि रास्त तक्रार. मग दुसऱ्याच कुणाचे फळ आपल्या बागेच्या नावाखाली दाखवणारी साइट आपणच पैसे मोजून का करून घ्यायची? एप्रिलमध्ये फोटोग्राफरचा एक दिवस ठरवावा. झेल्याने उतरवलेला आंबा, आढी, पेटी भरणारे हात, बागेतला कातळ, हे सगळे त्या एका दिवसात मिळते आणि पुढची दोन-तीन वर्षे उपयोगी पडते. पैसे यासाठी राखून ठेवायचे. जानेवारीत सगळे देऊन बसलेल्याकडे एप्रिलमध्ये ते उरत नाहीत.

मजकुराचेही तेच. जुन्या पत्रकांचा मराठी मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो. तो साइटवर तसाच चिकटवला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. रूपांतर केले तरी जोडाक्षरे आणि रफार तपासावे लागतात, आणि त्यासाठी मराठी नीट जाणणाऱ्या माणसाचे मानधन धरावे लागते. अक्षरवळणासाठी मात्र पैसे मोजू नयेत. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्ता’ फॉन्ट मोफत आहे आणि फोनवर स्वच्छ वाचता येतो.

भाव स्वतःला बदलता येत नसेल तर ती साइट घेऊच नये. पेटीचा दर पाडव्याला एक, अक्षय्य तृतीयेला दुसरा आणि मेअखेरीस तिसराच असतो. प्रत्येक बदलाला बनवणाऱ्याची विनवणी करावी लागली तर आठवडाभरात साइटवरचा भाव शिळा होतो, आणि गिऱ्हाइकाशी पहिलाच वाद दरावरून होतो. वर्डप्रेससारख्या मोफत प्रणालीवर हा बदल घरातली शाळकरी मुलगीही फोनवरून करू शकते, तिला एकदा दाखवले की झाले. हे दाखवणे कोटेशनमध्ये लेखी हवे.

पेमेंट गेटवे पहिल्या हंगामात नको. दोन टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ३,००० रुपयांच्या पेटीमागे ७० रुपये ८० पैसे जातात. यूपीआयवर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला असे शुल्क (एमडीआर) पडत नाही. क्यूआर कोड लावावा आणि पैसे जमा झाल्याचे स्वतः पाहून पेटी पाठवावी.

‘व्हॉट्सॲप असताना वेबसाइट हवीच कशाला?’ असे विचारणाऱ्यांशी मी निम्मा सहमत आहे. ज्याची सगळी बाग ओळखीच्या घरांत संपते त्याने स्वतःचे नाव घेऊन ठेवावे, गूगलवर धंद्याची मोफत नोंद करावी आणि थांबावे. पण ज्याला अनोळखी गिऱ्हाईक हवे, त्याचा पत्ता, दर आणि खराब निघालेल्या फळाबद्दलची अट एका जागी वाचता आली पाहिजे. ग्राहक संरक्षणाचे २०२० चे ई-कॉमर्स नियमही विक्रेत्याकडून अशा माहितीची आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याची अपेक्षा करतात. माझ्या हिशेबाने ४०,००० हाती असतील तर १८,००० पर्यंत नाव, होस्टिंग आणि चार पाने उभी करावीत, १०,००० एप्रिलच्या फोटो-मजकुराला ठेवावेत, आणि उरलेल्या १२,००० ना पुढच्या दोन वर्षांच्या नूतनीकरण-दुरुस्तीखेरीज हात लावू नये.

आता जिल्हा उद्योग केंद्राला आणि बँकांना विनंती. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम असो वा सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजना, माझ्यापुढे येणाऱ्या अहवालांत वेबसाइट असलीच तर ती यंत्रसामग्रीच्या शेजारी, भांडवली खर्चात, एका ठोक आकड्याने असते. खेळत्या भांडवलात तिच्यासाठी रुपयाही नसतो आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. अहवालाच्या नमुन्यात तिच्या तीन वर्षांच्या चालू खर्चाचा रकाना असावा. पल्परचे बिल जसे अर्जदाराच्याच नावाचे मागितले जाते, तसा डोमेन अर्जदाराच्या नावावर असल्याचा पुरावाही मागावा. नव्या हंगामाचे अहवाल दिवाळीनंतर तयार होऊ लागतात, त्याआधी नमुन्यात हा बदल सहज करता येईल.

– एक हिशेबनीस, रत्नागिरी