वादळानंतरच्या अंधाराचे बळी

अमेरिकेत अटलांटिक महासागरातल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. या काळात फ्लोरिडाकडे मोठे वादळ वळले, की महामार्गांवर एक ठरलेले दृश्य दिसते. किनाऱ्यावरची कुटुंबे गाड्या भरून उत्तरेकडे निघतात आणि समोरच्या मार्गिकेवरून परराज्यांतल्या वीज कंपन्यांचे ट्रक रांगेने दक्षिणेकडे येत असतात. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ‘मिल्टन’ वादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर धडकले. त्याआधीच देशभरातून, अगदी कॅनडातूनही, सुमारे ५० हजार वीज कर्मचारी कामासाठी सज्ज करण्यात आले होते. वादळात ३० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. दोनच आठवडे आधी ‘हेलेन’ वादळाने अमेरिकेच्या आग्नेय भागाला झोडपले होते. त्यातले अनेक कर्मचारी तिथून थेट इकडे आले.

वरकरणी ही वीजपुरवठ्याची बातमी. पण वादळांतल्या मृत्यूंचा हिशेब पाहिला तर ती तितकीच सार्वजनिक आरोग्याचीही बातमी आहे.

कोणतीही वीज कंपनी रोजच्या कामाला पुरतील एवढीच माणसे ठेवते. हजारो खांब एका रात्रीत पडले तर तिचे मनुष्यबळ अपुरे पडणारच. म्हणून तिथल्या कंपन्यांमध्ये परस्पर साहाय्याचे करार आहेत. वादळाच्या वाटेतली कंपनी मागणी नोंदवते, दूरच्या कंपन्या माणसे आणि उंच पाळण्याचे ट्रक पाठवतात आणि त्यांचा खर्च बोलावणारी कंपनी देते. हे पथक वादळाच्या मार्गाबाहेर, मोठ्या मैदानात तळ ठोकते. वाऱ्याचा वेग ताशी ५५-६० किलोमीटरच्या खाली येईपर्यंत पाळणा वर नेता येत नाही. त्यानंतर मात्र सोळा तास काम, आठ तास विश्रांती असे चक्र सुरू होते. पथक आधीच जवळ असेल तर दुरुस्ती पहिल्याच सकाळी सुरू होते. वादळानंतर बोलावले तर प्रवासातच दोन-तीन दिवस जातात.

या दोन-तीन दिवसांत रुग्णाचे काय होते? घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्याकडे बॅटरीचे काही तासच असतात. डायलिसिसच्या एका फेरीला विजेबरोबर सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागते. दोन फेऱ्या चुकल्या की रक्तातले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवण्याइतके वाढू शकते. इन्सुलिन त्या मानाने सोशिक आहे. वापरातली कुपी बेताच्या तापमानात काही आठवडे टिकते. वृद्धांचे शरीर मात्र सोशिक नसते. दमट हवेत घाम वाळत नाही, तहानेची जाणीव मंदावलेली असते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातले पाणी आणखी कमी करतात. बंद खोलीत उष्माघात व्हायला दोन दिवसही पुरतात.

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘इर्मा’ वादळानंतर फ्लोरिडातल्या हॉलिवूड शहरात नेमके हेच घडले. एका शुश्रूषागृहात दिवे चालू होते, पण वातानुकूलन यंत्रणेला वीज देणाऱ्या रोहित्राचा फ्यूज गेला. कर्मचाऱ्यांनी वीज कंपनीकडे पुन्हा पुन्हा तक्रार केली. तीन दिवसांनी इमारत रिकामी केली, तेव्हा काही रुग्णांचे तापमान १०७ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक होते. एकूण १२ मृत्यू या उष्णतेशी जोडले गेले. रस्त्यापलीकडेच मोठे रुग्णालय होते आणि तिथे वीज होती. रुग्णांना वेळेत न हलवल्याचा ठपका शुश्रूषागृहावर आला, तो योग्यच होता. पण वीज कधी येते हा प्रश्न उरतोच. ‘इर्मा’साठी देशभरातून जवळपास ६० हजार कर्मचारी जमले होते. माणसे होती, ट्रक होते; मात्र वीज आधी कुठे जोडायची याच्या स्थानिक प्रशासनाने ठरवलेल्या अग्रक्रमाच्या यादीत हे शुश्रूषागृह नव्हते. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने अशा संस्थांना जनरेटर आणि चार दिवस तापमान आटोक्यात ठेवण्याची सोय सक्तीची केली.

माणसेच वेळेवर आली नाहीत तर काय होते, हे त्याच महिन्यात प्युर्टो रिको बेटावर दिसले. ‘मारिया’ वादळाने सगळ्या बेटाची वीज घालवली. तिथली सरकारी वीज संस्था आधीच दिवाळखोरीत होती आणि ट्रक समुद्रमार्गे आणावे लागणार होते. त्यात या संस्थेने परस्पर साहाय्याची मागणी लगेच केली नाही. एका अगदी छोट्या खासगी कंपनीला ३० कोटी डॉलरचे कंत्राट दिले, जे टीकेनंतर रद्द झाले. सगळीकडे वीज यायला सुमारे अकरा महिने लागले. सरकारी आकडा बराच काळ ६४ मृत्यूंवर थांबला होता. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने पहिल्या पाच-सहा महिन्यांतल्या जादा मृत्यूंचा अंदाज २,९७५ असा काढला आणि तोच पुढे अधिकृत ठरला. यात वृद्ध आणि गरीब वस्त्यांतल्या लोकांना सर्वाधिक धोका होता.

अंधार लांबला की लोक स्वतःची सोय पाहतात आणि त्यातूनही बळी जातात. २०२० मध्ये ‘लॉरा’ वादळात लुईझियानातल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण ठरले ते जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणसे दगावतात. घरच्या वायरिंगला तसाच जोडलेला जनरेटर आणखी एक धोका निर्माण करतो. त्याची वीज उलट्या दिशेने रोहित्रात जाते, तिथे तिचा दाब वाढतो आणि बंद समजून तारेला हात लावणारा वायरमन जिवाला मुकू शकतो.

पथके लवकर बोलावण्याला खर्च आहे. वादळाने दिशा बदलली तर तळावर बसलेल्या हजारो माणसांचे पैसे द्यावेच लागतात आणि ते शेवटी ग्राहकांच्या बिलात येतात. म्हणून कंपन्या कचरतात. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ने ह्यूस्टन परिसरात २० लाखांहून अधिक ग्राहकांची वीज घालवली. ऐन उन्हाळ्यात अनेकांना आठवडाभर विजेविना राहावे लागले, उष्णतेने मृत्यू झाले आणि पुरेशी कुमक आधी का आणली नाही, याबद्दल वीज कंपनीला जाब द्यावा लागला. मोठ्या शस्त्रक्रियेआधी रक्ताच्या पिशव्या तयार ठेवतात. त्या लागल्या नाहीत तर कोणी उधळपट्टी म्हणत नाही. वादळाआधीच्या तयारीकडेही तसेच पाहायला हवे.

पण लवकर येणे हा अर्धाच उपाय आहे. दुरुस्तीचा क्रम सगळीकडे सारखा असतो: आधी मोठ्या वाहिन्या आणि उपकेंद्रे, मग रुग्णालये आणि पाणीपुरवठा, त्यानंतर जिथे एका दुरुस्तीत जास्त घरे उजळतात ते भाग. गल्लीच्या टोकाचे एकटे घर शेवटी येते. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे. मात्र ‘९५ टक्के ग्राहकांची वीज पूर्ववत’ ही घोषणा होते, तेव्हा उरलेल्या पाच टक्क्यांत ऑक्सिजनवरचा रुग्ण आहे का, हे तो आकडा सांगत नाही. यासाठी अमेरिकेच्या आरोग्य खात्याने ‘एम्पॉवर’ नावाचा नकाशा तयार केला आहे. सरकारी विमा असलेले, विजेवरच्या उपकरणांवर अवलंबून असलेले किती रुग्ण कोणत्या भागात आहेत, हे त्यावर कळते. ही माहिती तळावरच्या वायरमनपर्यंत पोहोचते का, यावर तिचा उपयोग ठरतो.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, हजारो खांब पडले आणि राज्याच्या इतर भागांतून वीज कर्मचारी आणावे लागले. तरीही श्रीवर्धन, म्हसळ्याच्या अनेक गावांत कित्येक आठवडे अंधार होता. आज घरी कॉन्सन्ट्रेटर असलेले रुग्ण गावागावांत आहेत आणि त्यांची घरे आशा सेविकांना माहीत असतात. किनाऱ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी मे महिन्यातच अशा रुग्णांची आणि जवळच्या डायलिसिस केंद्रांची यादी करून ती महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाला दिली, तर बाहेरून येणाऱ्या पथकाला पहिल्याच दिवशी कुठे जायचे ते कळेल. पथक येईपर्यंत बॅटरी किंवा ऑक्सिजन सिलिंडर कोणाकडे पोहोचवायचा, हेही त्याच यादीवरून ठरवता येईल.