‘पित्त झालंय’ म्हणजे काय झालंय?



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला घेऊन मी रात्री एक वाजता कॅज्युअल्टीत गेले. वय सव्वीस, अंगाने काटकुळी, पदरात सहा महिन्यांचं बाळ. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली, ती पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत जात होती. उलट्याही झाल्या. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, “घरी भांडण झालं का?” सासूबाई म्हणाल्या, “उपासाचं पित्त असेल.” (उपासाला तूप-दाण्यांची खिचडी!) पोटाला हात न लावता पित्ताची गोळी मिळाली. आणि मी, एवढी शिकलेली, मुकाट्याने पिशवी उचलली.

आंबट ढेकर, डोकेदुखी, अंगावरच्या गांधी या सगळ्याला आपण पित्तच म्हणतो. पित्ताशयातला खडा नळीच्या तोंडाशी अडकतो ते दुखणं वेगळं. ती कळ वाढत जाते आणि अर्धा तास ते काही तास ठाण मांडून बसते. ढेकर देऊन, कूस बदलून ती थांबत नाही.

डॉक्टर विद्यार्थीदशेत चार इंग्रजी ‘एफ’ पाठ करतात : फॅट, फिमेल, फॉर्टी, फर्टाइल. बाईच्या देहाची ही टवाळी मला खुपतेच. शिवाय तिच्यात न बसणारी बारीक, तरुण बाई निसटते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे पित्ताशय सुस्तावतं, खडे धरतात, आणि बाळंतपणानंतर दुखणं डोकं वर काढतं.

अशा वेळी वेदनाशामक इंजेक्शन लगेच द्यायला हवं. त्याने निदान झाकलं जातं ही समजूत जुनी झाली. मात्र गरोदरपण, किडनीचा विकार किंवा अल्सर असेल तर आधी सांगा. हृदयविकारही असाच दुखू शकतो, म्हणून ईसीजी. मग रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. कळ पाच-सहा तासांवर गेली, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर घरी पाठवून चालत नाही. कावीळ आणि थंडीताप एकत्र आले तर जिवाशी गाठ.

दुसऱ्या रात्री ती तापाने फणफणली. दुसऱ्या रुग्णालयात सोनोग्राफी झाली : खडे, सुजलेलं पित्ताशय. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, आता ती बरी आहे.

हल्ली मी कुणाबरोबर गेले, की कळ किती वाजता सुरू झाली ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावते. आणि पोट तपासल्याशिवाय बाकावरून उठत नाही.