हृदयाच्या दाराचा अडसर

अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी ‘कॅल्शियम रोखणारी’ म्हणून ओळखली जाते. हे नाव ऐकले की दिवसभर विडी वळून कंबर धरलेल्या सोलापूरच्या भगिनीला शंका येणे साहजिक आहे. आधीच हाडे दुखतात, त्यात ही गोळी कॅल्शियम रोखणार! मग गोळी डब्यातच राहते. म्हणून ही गोष्ट नीट समजून घेऊ.

कॅल्शियम हाडांत असते, तसे थोडेसे रक्तातही असते. १८८३ साली लंडनच्या सिडनी रिंगर यांनी दाखवून दिले की, कॅल्शियमशिवाय बेडकाचे हृदय चालत नाही. आपल्या हृदयाच्या प्रत्येक पेशीला सूक्ष्म दारे असतात. विजेची बारीक लहर आली की ती उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि हृदय आकुंचन पावते. रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतही अशीच दारे आहेत. अ‍ॅम्लोडिपिन मुख्यतः तिथला ओघ कमी करते. वाहिनी सैल पडते, दाब उतरतो. हाडांतले कॅल्शियम ती काढून घेत नाही.

हृदयाच्या दारावर निसर्गाने स्वतःचा अडसरही ठेवला आहे. ‘रॅड’ नावाचे ते एक लहान प्रथिन. १९९३ साली ते प्रथम मधुमेहाच्या रुग्णांच्या स्नायूंत आढळले. माणूस शांत असताना रॅड दाराला बिलगून कॅल्शियमचा ओघ आवरते. भीती, राग किंवा धावपळ झाली की रक्तात अ‍ॅड्रेनलिन वाढते. त्याचा निरोप पेशीत पोहोचला की रॅडवर फॉस्फेटचे कण चिकटतात, अडसर निघतो, कॅल्शियम जोराने आत येते आणि छाती धडधडू लागते. हा उलगडा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली केला. अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी हा निरोपच अडवते, म्हणून अडसर जागेवर राहतो.

आता मिश्रीचा विचार करा. तंबाखूतले निकोटिन अ‍ॅड्रेनलिन वाढवते. म्हणजे एका हाताने गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने अडसर काढायचा!

अ‍ॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. तसे झाल्यास डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील. बरे वाटते म्हणून मनाने गोळी सोडू नका. अ‍ॅटेनोलॉल तर एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. घरातील लिहिता-वाचता मुलगा किंवा मुलगी असेल, तर आईच्या गोळ्यांची नावे वहीत उतरवून ती वही दवाखान्यात सोबत न्यावी.