‘पाणी घालावे’ या वाक्याविषयी

एक कबुली आरंभीच दिलेली बरी. आम्ही तिघेही मराठीचे अध्यापक. स्क्रू-ड्रायव्हर हाती धरण्याचा आमचा पूर्वानुभव घरातल्या सैल बिजागऱ्यांपलीकडे गेलेला नव्हता. तरीही गेल्या उन्हाळ्यात विभागातला डेस्कटॉप संगणक पाण्याने थंड ठेवणारी व्यवस्था, जिला या छंदातली मंडळी ‘कस्टम लूप’ म्हणतात, ती सुटे भाग आणून आम्ही स्वतः जोडली. त्या व्यवस्थेची देखभाल कशी करावी याचे एक पानभर टिपणही आम्हीच लिहिले. जोडणी बऱ्यापैकी साधली. टिपण मात्र चुकले, आणि त्या चुकीची किंमत यंत्राला मोजावी लागली. यंत्रकामात अडाणी असलेल्यांच्या हातून यंत्र नीट जोडले जावे आणि भाषेवर पोट भरणाऱ्यांच्या हातून एक वाक्य बिघडावे, हे आम्हांला विचार करण्याजोगे वाटले.

आधी निमित्त सांगतो. आमचे गाव विदर्भातले. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला तरी येथे त्याची बातमी होत नाही. विभागात जुन्या मराठी नियतकालिकांची स्कॅन केलेली पाने आहेत. त्यांतली झिजलेल्या खिळ्यांची अक्षरे संगणकाला ओळखता यावीत म्हणून एक अक्षरओळख-प्रणाली आम्ही आमच्याच पानांवर शिकवत असतो. हे काम रात्रंदिवस चालते. भर कामात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज घेतात, आणि ती जवळजवळ सगळीच उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर लोटणारे छोटे पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले की त्याच खोलीत बसून वाचणे अशक्य होई.

पाण्याकडे वळण्याचे कारण साधे आहे. तेवढ्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी, तापमानाच्या एका अंशामागे, सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डवर तांब्याचा एकेक ठोकळा बसवायचा. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक खाचा असतात. पंपाने त्यांतून पाणी खेळवायचे, तापलेले पाणी नळीवाटे रेडिएटरमध्ये न्यायचे आणि तिथे मोठ्या, संथ पंख्यांनी ते निववायचे. एक छोटी टाकी, एक पंप, दोन ठोकळे, एक रेडिएटर, दीडेक मीटर नळी आणि डझनभर जोड एवढाच सारा पसारा.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण पुढची सगळी फजिती त्यावरच उभी आहे. आमच्याकडे ‘कूलर’ म्हटले की खिडकीला लावलेला, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर डोळ्यांपुढे येतो. त्यातले पाणी उडून जाते आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणून त्याची हवा बाहेरच्या हवेपेक्षा गार लागते. संगणकातले पाणी बंद वाटेने फिरत राहते. ते उष्णता नाहीशी करत नाही, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते. आणि ती अखेर खोलीतल्या हवेलाच द्यायची असल्यामुळे खोलीपेक्षा गार ते कधीच होऊ शकत नाही. खोलीत ३४ अंश असतील तर आमच्या फेऱ्यातले पाणी ४४-४५ अंशांवर स्थिरावते. ज्याला चमत्कार हवा असेल त्याने या वाटेला जाऊ नये. एकट्या प्रोसेसरपुरता विचार केला तर हवेवर चालणारा एखादा चांगला हीटसिंक कितीतरी कमी पैशांत भागवतो. आम्हांला हवी होती ती शांतता, आणि खोटे कशाला बोलावे, थोडी हौसही होती.

जोडताना आमचे बरेच समज गळून पडले. रेडिएटर कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर यावर आम्ही दोन संध्याकाळी वाद घातला. मग एकाने साधे गणित मांडले: मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर साडेतीनशे वॅट उष्णता घेऊनही ते फार तर सव्वा अंशाने तापेल. फेऱ्यात पाण्याचे तापमान सगळीकडे जवळपास सारखेच असते. क्रमाने फारसे बिघडत नाही. क्रमाचा खरा नियम एकच. टाकीतले पाणी आपोआप पंपात उतरले पाहिजे, कारण पंपाला वंगण त्या पाण्याचेच असते आणि कोरडा फिरला तर तो निकामी होतो. दुसरा नियम धातूंचा. तांब्याचे ठोकळे असतील तर रेडिएटर ॲल्युमिनियमचा घेऊ नये. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम झिजू लागते. तिसरा नियम हाताचा. जोड पान्ह्याने आवळायचे नसतात. पाणी अडते ते रबरी ओ-रिंगमुळे, आणि ती बोटांच्या जोराने बसते तेवढीच पुरे.

त्यानंतरची गळतीची परीक्षा आम्हांला सर्वांत आवडली. मदरबोर्डला वीज द्यायची नाही. एसएमपीएसला जम्पर लावून फक्त पंप चालवायचा, प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू-पेपर ठेवायचा आणि चोवीस तास वाट पाहायची. त्या रात्री आम्ही आळीपाळीने जागलो. नोंदवही ठेवली होती. ती नंतर वाचताना लक्षात आले की आमची मराठी त्या रात्री कधी नव्हे इतकी नेमकी झाली होती. कागद नुसता ‘ओलसर’ आहे की ‘भिजला’ आहे, जोडातून ‘पाझरते’ आहे की ‘ठिबकते’ आहे, की नळी भरताना सांडलेलेच पाणी खाली ‘ओघळले’ आहे, यांतला प्रत्येक शब्द वेगळे निदान सांगत होता आणि वेगळी कृती मागत होता. ग्राफिक्स कार्डाच्या एका जोडाशी ‘पाझर’ निघाला. उघडून पाहिले तर ओ-रिंग मुडपली होती. ती सरळ बसवली आणि पुढचे चोवीस तास कागद कोरडे राहिले.

एवढी शब्दसंपत्ती हाताशी असताना दुसऱ्या दिवशी आम्ही टिपण लिहायला बसलो आणि ती सगळी कुठे गेली कोणास ठाऊक! पहिल्या खर्ड्यात ‘शीतलक’, ‘उष्णता-विनिमयक’, ‘अभिसरण’ असे शब्द आले. विभागात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तो वाचायला दिला, तर त्याने नम्रपणे विचारले, “सर, यातला रेडिएटर कोणता?” आम्ही ओशाळलो आणि खर्डा ‘सोपा’ केला. सोप्या खर्ड्यात एक वाक्य असे होते: “टाकीतील पातळी कमी झाल्यास वेळोवेळी आवश्यकतेनुसार पाणी घालावे.”

वाक्य व्याकरणशुद्ध आहे आणि उत्तरपत्रिकेत आले असते तर आम्ही त्याखाली रेघही मारली नसती. पावसाळ्यात पातळी थोडी उतरली. नव्या फेऱ्यात ती उतरतेच. आधी अडकलेली हवा निघून जाते म्हणून, आणि पुढे मऊ नळीतून पाण्याचा अंश हळूहळू उडतो म्हणून. विद्यार्थ्याने टिपण वाचले आणि विभागाच्या नळाचे, म्हणजे बोअरचे, पाणी टाकीत घातले. एकदा नव्हे, वेळोवेळी. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रोसेसरचे तापमान, जे भर कामात ६८ अंशांपर्यंत असे, ते ८५ अंशांवर दिसू लागले. नळीच्या आतल्या अंगाला हिरवट बुळबुळीत थर धरला होता. ठोकळा उघडला तर त्या केसासारख्या खाचांत पांढुरका क्षार आणि शेवाळ गच्च बसले होते. विद्यार्थ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, कागदावर ‘पाणी’ असंच लिहिलंय. घरी कूलरमध्येपण आम्ही हेच टाकतो.”

त्याचे काहीच चुकले नव्हते. त्याने ‘पाणी’ हा शब्द आपल्या अनुभवानुसार वाचला, आणि त्याच्या अनुभवात यंत्रात पाणी घालणे म्हणजे उन्हाळ्यात रोज संध्याकाळी कूलर भरणे. आम्ही लिहिताना ‘पाणी’ म्हणजे डिस्टिल्ड वॉटर हे गृहीत धरले होते. ते आमच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. वाचक आपल्या अनुभवाच्या बळावर संहितेतल्या रिकाम्या जागा भरतो, हे आम्ही दर वर्षी एम.ए.च्या वर्गात तासभर समजावून सांगतो. आमच्या टिपणाच्या वाचकाने नेमके तेच केले.

यावर आमचे काही सहकारी म्हणाले की असली टिपणे लिहिणे हे साहित्याच्या माणसाचे कामच नव्हे. आपला प्रांत अनेकार्थतेचा, सूचकतेचा. हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. संदिग्धता कुठे फळते आणि कुठे घात करते हे ओळखण्याचे शिक्षण साहित्याखेरीज दुसरा कोणता विषय देतो? ‘आवश्यकतेनुसार’, ‘योग्य प्रमाणात’, ‘वेळोवेळी’ ही क्रियाविशेषणे कवितेतल्या संदिग्धतेची भावंडे नव्हेत. लिहिणाऱ्याने करायचा विचार वाचणाऱ्यावर ढकलण्याची ती सोय आहे. सरकारी परिपत्रकांपासून समीक्षालेखांपर्यंत ही सोय सर्वत्र नांदते. समीक्षेत तिच्यामुळे काही बिघडल्याचे दिसत नाही एवढेच. तिथे तापमान मोजणारा काटा नसतो.

दुसरा आक्षेप असा की हे सारे इंग्रजीत उपलब्ध आहे, मराठीत कशाला? आमचा विद्यार्थी इंग्रजी वाचू शकतो. पण काही बिघडले की तो मित्राला विचारतो मराठीत, दुकानदाराला सांगतो मराठीत, आणि टाकी भरताना मनाशी ठरवतो तेही मराठीत. निर्णय ज्या भाषेत होतो त्या भाषेत नेमकेपणा नसेल, तर दुसऱ्या भाषेतल्या नेमकेपणाचा उपयोग अर्ध्या वाटेपर्यंतच होतो.

आणि ही परंपरा मराठीला नवी नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक लिहिला, आणि सासर-माहेरापासून दूर संसार मांडणाऱ्या कितीतरी जणींना ते पुस्तक पुरले, कारण त्यातली वाटी वाचणारीच्या स्वयंपाकघरात होती. आणखी मागे जायचे तर किर्लोस्करवाडीला, जिथे नांगर आणि पंप घडत होते, तिथल्या कारखान्यातून १९२० साली शं. वा. किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याच्या त्या खबरपत्राचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि त्याच्या अंकांवर आज आम्ही प्रबंध लिहून घेतो. मराठीतले एक प्रमुख वाङ्मयीन नियतकालिक कारखान्याच्या अंगणात वाढले, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असे आम्हांला वाटत नाही. हाताने काम करणाऱ्यांची भाषा आणि लेखणीची भाषा यांत तेव्हा आजच्याइतकी भिंत नव्हती. ती पुढे आपण अभ्यासक्रमांतून बांधली.

म्हणून एक साधी सूचना. ‘व्यावहारिक मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत अर्ज, जाहिरात, वृत्तान्त यांबरोबर एक प्रश्न असा असावा: विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केलेल्या एका कामाची कृती लिहावी, ते काम कधीही न केलेल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने ती वाचून तसे करून पाहावे, आणि गुण त्या दुसऱ्याला काम जमले की नाही यावर द्यावेत. पंक्चर काढणे चालेल, शिलाई यंत्रात बॉबिन बसवणे चालेल, कूलरच्या ताट्या बदलणेही चालेल. लिहिणाऱ्याने शेजारी उभे राहून बघावे, पण तोंड उघडू नये. आपल्या वाक्यांत काय राहून गेले ते त्याला तिथेच दिसेल.

आम्ही आमच्यापुरता हा प्रयोग करून पाहिला. फेरा रिकामा केला, ठोकळे उघडून मऊ ब्रशने घासले, नळ्या बदलल्या, डिस्टिल्ड वॉटर भरून त्यात शेवाळ आणि गंज रोखणारे द्रव्य मोजून घातले आणि पुन्हा चोवीस तास कागद ठेवले. तापमान ७० अंशांच्या आत आले. मग टिपण नव्याने लिहिले आणि त्याच विद्यार्थ्याला तपासायला दिले. त्याने तीन ठिकाणी पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढली. तिन्ही रास्त होती. आता कॅबिनेटच्या दारावर चिकटवलेल्या कागदातला तो भाग असा आहे:

“टाकीवरच्या लाल रेघेखाली पाणी गेले तरच भरा. आधी संगणक बंद करा आणि प्लग काढा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या. दुकानदार ॲसिडही विकतो, म्हणून बाटलीवरची ‘डिस्टिल्ड वॉटर’ ही अक्षरे स्वतः वाचा. नळाचे, बोअरचे किंवा आर.ओ.चे पाणी घालू नका. लाल रेघेपर्यंतच भरा. महिन्यातून दुसऱ्यांदा भरावे लागले तर भरू नका. कुठेतरी पाझर आहे, आम्हांला सांगा.”

यात अलंकार नाही आणि शैलीही सांगण्यासारखी नाही. पण आम्ही तिघांनी मिळून आजवर लिहिलेल्या गद्यात इतके तपासून घेतलेले दुसरे पान नाही, आणि ते तपासणाऱ्याचे नाव त्याच्याखाली आमच्या नावांच्या शेजारी आहे.