घरातली हवा

पाऊस सरला की भगिनींनो, फराळाची भाजणी आणि घराची झाडझूड यांची एकच घाई उडते. अशा वेळी कपाट उघडावे, तर चार महिने कोंडलेला कुबट दर्प नाकात शिरतो. मग आपण सुगंधी फवाऱ्याचा डबा आणून दोनदा फुसफुसवतो आणि मोकळ्या होतो. म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! फवाऱ्याने नाक फसते, हवा स्वच्छ होत नाही.

कुबट वास हा बहुधा बुरशीचा असतो आणि बुरशी जगते ओलीवर. तेव्हा पहिला उपाय बिनपैशाचा, तो म्हणजे ऊन. गाद्या, उशा, रजया दोन्ही अंगांनी कडक उन्हात तापवा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, म्हणजे मागे वारा खेळेल. सगळे खडखडीत कोरडे झाले, की मग कपड्यांत वाळ्याची जुडी ठेवा.

स्वयंपाकघरातले वास निराळे. मासळीच्या वासाची द्रव्ये अल्कधर्मी असतात, म्हणून हातांना आणि भांड्यांना लिंबाची फोड किंवा चिंच चोळली की वास उतरतो. नासलेल्या दुधाचा वास आंबट, तिथे खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने फ्रिज पुसावा. फोडणीच्या धुराला मात्र खिडकीखेरीज औषध नाही.

कुंड्यांविषयीही थोडे सांगते. 1989 साली अमेरिकेच्या 'नासा'ने बंद पेटीत प्रयोग केले, तेव्हा झाडांनी काही वायू शोषले. पण 2019 साली अशा प्रयोगांचा फेरआढावा निघाला, त्यात असे दिसले की नुसत्या उघड्या खिडकीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला निदान 10 झाडे लागतील! कुंड्या हौसेने ठेवा, पण खिडकीही उघडा.

आता सर्वांत महत्त्वाचे. ऊद-धूप कितीही सुवासिक असला, तरी तो शेवटी धूरच. घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर तो अंगणात फिरवावा. आणि बाळंतिणीच्या खोलीत वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून शेगडी ठेवण्याची आणि ओवा-शेपांची धुरी देण्याची जी रीत आहे, ती कृपा करून सोडा. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. धुरी थांबली, निखारे विझत आले, तरी तो निघतच राहतो आणि झोपेतच माणूस दगावते. आईची माया आणि आजीची काळजी त्याला अडवू शकत नाही. शेक द्यायचाच तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या.

फटाक्यांचा धूर बाहेर असेल तोवर खिडक्या लावून घ्या. तो निवळला की समोरासमोरच्या दोन्ही उघडा. वाळा, मोगरा, उटणे यांचा सुगंध मग खुशाल दरवळू द्या.