वाळूवरचं घरटं



एप्रिलमधल्या एका रविवारी लॅपटॉप मिटला आणि बाबांना घेऊन चंबळेवर, मुरैन्याच्या पुढे राजघाटाला गेलो. निघालो होतो घडियाल बघायला, पण लक्षात राहिला नदी सुरय.

कबुतराहून जरा मोठा, पण अंगाने सडपातळ. पाठ राखाडी, पोट पांढरं, चोच पिवळीधमक, पाय लाल आणि शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली. विणीच्या दिवसांत डोक्यावर काळीभोर टोपी. चोच खाली वळवून तो पाण्यावरून उडतो, मासा दिसला की हवेतच थबकतो आणि सूर मारतो. नर तोच मासा मादीला नेऊन देतो. आपल्याकडच्या बघण्याच्या कार्यक्रमापेक्षा सुटसुटीत!

हा मोठ्या नद्यांचा आणि जलाशयांचा पक्षी. पुण्याकडे गेलात तर भिगवणला उजनीच्या पाण्यावरही दिसेल. उन्हाळ्यात नदी उतरली की मधे वाळूची बेटं उघडी पडतात. तिथे घरटं म्हणजे नुसता खळगा, काडीसुद्धा नाही. त्यात दोन-तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची.

अशा एका बेटाशी मी नाव टेकवायला लावली आणि फोटोसाठी उतरलो. लगेच दोन सुरय कर्कश ओरडत डोक्यावर झेपावू लागले. मला गंमत वाटली. तेवढ्यात नावाडी ओरडला, "भैया, पीछे आ जाओ! अंडे जल जाएँगे!"

तेव्हा कळलं. या दिवसांत सुरय अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला कमी, सावली धरायला जास्त. पोटाची पिसं नदीत भिजवून आणतो आणि अंडी गार ठेवतो. माझ्यामुळे ती उघड्या उन्हात पडली होती.

मुकाट्याने नावेत बसलो. नाव लांब गेली तेव्हा कुठे मादी खाली उतरली. बाबा एवढंच म्हणाले, "कुणाच्या घरात असं न विचारता शिरतात का रे?"

धरणातून अचानक पाणी सुटलं की ही बेटं बुडतात. पाणी फारच उतरलं की कुत्री, गुरं चालत पोचतात. वाळूउपसा तर बेटच नेतो. म्हणूनच जगभरच्या यादीत नदी सुरय आता 'असुरक्षित' गटात आहे.

सुट्टीत मुलांना चंबळेवर जरूर न्या. दुर्बीण घ्या, सकाळी लवकर जा, पण नावेतून उतरू नका. माझ्याकडे घरट्याचा फोटो नाही, आणि ते बरंच झालं.

भेटू पुढच्या महिन्यात.