कॉपी: भरारी पथकाच्या नजरेपलीकडची

परीक्षांचा हंगाम आला की भरारी पथकांच्या बातम्या झळकू लागतात. आपण त्या वाचून हळहळतो आणि पान उलटतो. वास्तविक महाराष्ट्रात विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ सालीच कायदा झाला. केंद्राचा २०२४ चा कायदा मुख्यतः भरती व प्रवेश परीक्षांतील टोळ्यांसाठी आहे.

परंतु कॉपीचा खरा सराव परीक्षागृहात होत नाही. तो होतो प्रोजेक्ट आणि असाइनमेंटमध्ये. वरच्या वर्गातील मुलाचे जर्नल उतरवून काढणे, तयार प्रकल्प विकत घेणे हे जुनेच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेच काम क्षणार्धात व फुकट होऊ लागले.

येथे एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत क्षम्य मानले आहे. साठ टक्क्यांवर गेल्यास नोंदणीच रद्द होते. मात्र याच नियमांतून असाइनमेंट, प्रकल्प अहवाल व उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळल्या आहेत. म्हणजे सवय जिथे जडते तिथे मोकळीक, आणि ती मुरल्यावर शिक्षा!

विद्यार्थी असे का वागतात? अमेरिकेतील डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो यांनी ३१ महाविद्यालयांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून १९९३ मध्ये निष्कर्ष मांडले. शिक्षेच्या भीतीपेक्षा बरोबरीची मुले काय करतात, याचा प्रभाव अधिक असल्याचे त्यांना आढळले. ‘सगळेच करतात, मग मी एकट्यानेच का मागे राहावे?’ हा प्रश्न आपल्याकडील मुलेही विचारतात. त्यात भर अशी की, आपण लिहिलेले कुणी वाचणारच नाही, याची त्यांना खात्री असते. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, शेकडो वह्या तपासणाऱ्या अध्यापकाला तरी दोष किती द्यावा?

उपाय साधा, पण कष्टाचा आहे. प्रकल्प एकदम न मागता टप्प्याटप्प्याने पाहावा. शेवटी प्रत्येकाला पाच मिनिटे तोंडी प्रश्न विचारावेत. स्वतः न लिहिलेल्या प्रकल्पाचा मालक दुसऱ्याच प्रश्नाला अडखळतो. यासाठी वर्ग लहान हवेत, अध्यापक कायम हवेत. त्याचा खर्च आहे. ख्रिस्तसभेच्या महाविद्यालयांनी तो सोसून प्रारंभ करावा, अशी अपेक्षा अवास्तव नाही.

आणि आपली घरे? चौथीतल्या मुलाचा थर्मोकोलचा किल्ला आई रात्री जागून करते, वडील त्यावर मुलाचे नाव लिहितात, आणि शाळेत त्याला ‘उत्तम’ असा शेरा मिळतो. हे आपल्यापैकी कित्येकांनी केलेले आहे, प्रस्तुत लेखकानेही.